होडी जोडल्यावर दार उघडतं का

६ फेब्रुवारी २००९, शुक्रवार

तर सगळ्यात आधी आली ती छाया. तिच्या मागून तिचा नवरा सदानंद, हातात मोजायची टेप. माझी वेणीसुद्धा झाली नव्हती. सिलिकॉन ओएसिसहून आले, म्हणजे आमच्या डिस्कव्हरी गार्डन्सपासून दुबईच्या पार दुसऱ्या टोकाहून, आणि मुरलीने, माझ्या पोटच्या पोराने, मला आदल्या दिवशी एका शब्दाने सांगू नये. रवा होता म्हणून अब्रू राहिली. केळं घालून शिरा टाकला.

छाया सोफ्यावर बसली, उठली, परत बसली. उशी उचलून खाली बघितलं. सदानंदने सोफा मोजला, मग दार मोजलं, मग बाहेर जाऊन लिफ्ट मोजून आला. इंजिनियर माणसांना मोजल्याशिवाय करमत नाही. आमचा मुरलीधर सर्व्हेचा इंजिनियर, तो चिंचवडला असताना फूटपट्टी घेऊन माझ्या पोळ्या मोजायचा आणि मोठी कुठली ती आधी उचलायचा. त्यामुळे मला काही नवल वाटलं नाही.

त्यांच्यामागून एक मल्याळी जोडपं आलं. त्या बाईंनी सरळ आमचा फ्रीज उघडून आत बघितलं. पाहुण्याने दुसऱ्याचा फ्रीज उघडावा हे मला पटलं नाही, पण त्यांच्याकडे तशी पद्धत असेल. त्यांनाही शिरा दिला. तीन वर्षं झाली मला इथे येऊन, एका दिवसात इतकी माणसं घरात आली नव्हती. मला बाई फार बरं वाटलं.

छाया पहिल्यांदा आलेली, सवाष्ण, तिला तशीच कशी पाठवायची. मी हळदीकुंकू लावत नाही आता, हे गेल्यापासून, म्हणून अपर्णाला हाक मारली. सुनेने ओटी भरली. नारळ, तांदूळ, माझ्या पेटीतला अबोली ब्लाउजपीस. छायाचा चेहरा असा झाला की जणू तिला कुणी वर्गात उभं केलंय. सदानंद मुरलीशी काहीतरी बोलणार होता, तो टेप गुंडाळत बसला आणि म्हणाला, मग बोलू. परत येतो म्हणाले. अपर्णा न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ आत राहिली.

दमले मी. पण चांगली दमले. मुरली हल्ली घरीच असतो, रजा साठली होती म्हणतो. दुपारी दोन वाजता पोराला घरात बघायचं सुख मला कधी नव्हतं. दाढी मात्र रोज करत नाही.

(ही डायरी गेल्या वर्षीची आहे. मुरलीच्या ऑफिसातून दर जानेवारीला नव्या यायच्या, यंदा आल्या नाहीत. म्हणून जुन्या कोऱ्या डायरीतले वार खोडून लिहितेय. चौथी शिकलेल्या बाईला एवढं पुरे.)

९ फेब्रुवारी, सोमवार

आज जेवताना मुरलीने सांगितलं. मोठी गाडी दिली आणि त्याजागी पिकअप घेतला, मागे उघडा असतो तसला. आणि आता त्या पिकअपच्या पाठीवर ठेवायचं घर घेणार. आत बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी. कॅम्पर म्हणतात. आणि त्याच्या मागे आकड्याला बांधून एक होडी ओढायची. म्हणजे शंख पाठीवर घेतलेली गोगलगाय आणि तिच्या शेपटीला होडी.

मी म्हटलं, कधी निघायचं? मला तर आत्ताच पिशवी भरावीशी वाटली. मेथीचे ठेपले टिकतात, शंकरपाळी टिकतात, समुद्राच्या काठी भात केला की वाळू जाते त्यात, म्हणून भात नको.

अंश म्हणाला, "इट्स नॉट अ हॉलिडे, आजी." अपर्णाने त्याच्या पानात पोळी वाढली, मागितली नव्हती तरी. तेरा वर्षांचा घोडा झाला, त्याला आता कशाचं कौतुक म्हणून नाही. श्रिया आठ वर्षांची, ती मात्र माझ्यासारखी. तिने विचारलं, कॅन द डॉल्स कम.

खाली पार्किंगला आता जागाच जागा. गेल्या वर्षी यावरून मारामाऱ्या व्हायच्या. आज मी खाली उतरले तर आमच्या लाइनीत चार गाड्या नुसत्या धूळ खात उभ्या. एकीच्या काचेवर कुणीतरी बोटाने गणपती काढलाय.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

शारजाला गेलो, इंडस्ट्रियल एरियात. नमाज झाल्यावर, कारण त्याआधी सगळं बंद. सगळीकडे गॅरेज, लोखंड कापायचा आवाज, तेलाचा वास. माझं डोकं चढलं पण मी बोलले नाही, कारण मग पुढच्या वेळी घरी ठेवतील.

खैरुद्दीन म्हणून पेशावरचा माणूस आहे. त्याच्या आवारात असली घरं ओळीने उभी, खाली चार पाय लावलेली. जी माणसं देश सोडून गेली त्यांची. मला त्याने खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे फिरवला, माँ जी म्हणाला. अशा माणसाकडून काहीही घ्यावं.

पहिलं घर मी बघितलं आणि माझं मन बसलं. पांढरंशुभ्र. ड्रायव्हरच्या टपावर येतो तो मोठा पलंग, तिथे मुरली आणि अपर्णा. टेबल खाली पाडलं की त्याचा पलंग होतो, तिथे मी आणि श्रिया. वरून एक फळी उघडते, तिथे अंश. न्हाणीघरसुद्धा, आमच्या चिंचवडच्यापेक्षा स्वच्छ. मी आत बसून सगळ्यांच्या जागा ठरवल्या. देवांसाठी शेगडीच्या वरचं फडताळ. मुरली दारात उभा राहून ऐकत होता. आत आलाच नाही.

खैरुद्दीनने मला समजावलं. हे घर लांब आहे, पिकअपच्या पाठीवर ठेवलं की शेपटीच्या बाहेर हातभर लोंबतं. होडीचा आकडा त्याच्याखाली झाकला जातो. मग लांब दांडा जोडून आकडा मागे न्यावा लागतो, आणि दांडा लांब झाला की होडी वाटेत झुलते. शिवाय घराचं वजन, वर होडीच्या नाकाचं वजन आकड्यावर. त्याने स्वतःच्या कंबरेवर हात ठेवून दाखवलं. "माँ जी, गाड़ी की भी कमर होती है. ये घर लो तो नाव भूल जाओ."

मी मुरलीला म्हटलं, मग होडी भूल. होडी काय करायचीय आपल्याला? तुला तर पोहता येतं, बाकी कुणाला येत नाही.

तो म्हणाला, "होडी हवीच आहे, आई."

पुरुषांना एकेक खूळ असतं. ह्यांना रेडिओचं होतं.

१६ फेब्रुवारी

गुडघ्याला तेल लावलं. दुसरं काही नाही. मल्याळी बाई येऊन फ्रीज घेऊन गेल्या. घरात आता आवाज नाही फ्रीजचा, तो गेल्यावर कळलं की होता. नवीन घेणार का विचारलं तर अपर्णा म्हणाली, बघू. दूध रोजच्या रोज आणायचं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आजचा दिवस सांगण्यासारखा.

मुरलीने दुसरं घर पसंत केलंय, बुटकं, त्याचं छप्पर वर उचलायचं आणि मग चारी बाजूंनी कापडाच्या भिंती उभ्या राहतात. हलकं आहे. शेपटीबाहेर वीतभरच येतं. मला कापडाच्या भिंती आवडल्या नाहीत. दमट वाऱ्याने कपडे वाळत नाहीत इथे, भिंती कशा वाळणार. पलंग दोनच. मी विचारलं, बाकीची कुठे निजणार? मुरली म्हणाला, बघू. हल्ली घरात सगळी बघू म्हणतात.

मी हट्ट धरला की होडी जोडून दाखवा. माझं सरळ होतं. म्हाताऱ्या बाईला रात्री दोनदा उठावं लागतं, मी त्या शिडीवरून उतरू शकते का ते मला आधी कळायला हवं. होडी कंपनीची आहे, मोहिद्दीन म्हणून मुरलीच्या ओळखीचे आहेत त्यांची, ती तिथेच दोन गल्ल्या सोडून ठेवलेली. मुरली कंटाळला होता, पण आणली. पांढरी, पुढे लोखंडी खांब, त्यावर दोर गुंडाळायचं चाक.

मी आत जाऊन बसले आणि मागचं दार लावून घेतलं. बाहेर ठाकठूक झाली. जोडली, म्हणाले. मी दार ढकललं. वीतभर उघडलं आणि त्या लोखंडी खांबाला टेकून थांबलं. माझा एक पाय बाहेर गेला असता, बाकीची मी आत. मी फटीतून सांगितलं, अहो, मी अडकले. खैरुद्दीन इतका हसला की त्याला टोपी काढून घाम पुसावा लागला. मीपण हसले. श्रिया फटीतून माझा हात धरून उभी, जणू मी तुरुंगात.

मुरली हसला नाही. म्हणाला, "रोज संध्याकाळी होडी सोडायची आणि मग झोपायचं. मी सोडत जाईन."

मी आतूनच म्हटलं, तू सोडशील रे, पण पावसापाण्याचं, अंधाराचं, आणि सकाळी परत जोडायची. आणि तू समुद्रात गेलास तर आम्हाला कोण काढणार? तो आकड्यापाशी वाकला. होडी सोडली, मला उतरवलं. शिडीवर माझा गुडघा वाकेना तर त्याने मला उचललं सरळ. त्याच्या शर्टाला वास येत होता दोन दिवसांचा. अपर्णाला सांगायला हवं. नाही, नको. तीही दमलेली असते.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

छाया आणि सदानंद बोलल्याप्रमाणे आले. सोबत टेम्पो आणि दोन हमाल. सोफा न्यायला आले होते. तोच मोजला होता त्या दिवशी, दुसरं काय. मी पोहे केले. सोफा गेल्यावर दिवाणखान्यात त्याच्याखालची फरशी वेगळ्या रंगाची निघाली, आणि श्रियाच्या तीन पेन्सिली.

पुरुष माणसं खाली गेली. छाया माझ्याजवळ खुर्ची ओढून बसली. मोकळी झाली आज. म्हणाली, आजी, त्या दिवशी आम्ही भाव करायला आलो होतो, आणि तुम्ही ओटी भरलीत. ओटीत नारळ पडल्यावर हे भाव काय करणार. लिफ्टमध्ये दोघं हसलो, आणि मग गाडीत मला रडू आलं. मुरलीदादांनी सांगितला तोच आकडा दिला आम्ही.

मी म्हटलं, बरं केलंत. 

मग तिने विचारलं, "तुमची तिकिटं किती तारखेची, आजी?"

मी तिच्याकडे बघितलं. मला वाटतं माझा हात पोह्यांच्या बशीवर होता. मी म्हटलं, पोरांची परीक्षा संपू दे, मग. माझ्या तोंडून हे इतकं सहज कसं निघालं कोण जाणे. ती म्हणाली, दादा एकटे मागे राहणार, तुम्हाला काळजी असेल. आमचाही नंबर कधी लागेल सांगता येत नाही, यांच्या फ्लोअरवर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या आहेत. मी म्हटलं, हो ना. आणखी पोहे घे.

ती गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. अपर्णा कणीक मळत होती. मी म्हटलं, मला छायाने विचारलं तिकिटांचं, मी तिला कळू दिलं नाही. एवढंच. अपर्णाचे हात परातीत थांबले. मग तिने सगळं सांगितलं, परातीकडे बघून.

मुरलीचं काम डिसेंबरात गेलं. त्यांचं सगळं खातंच बंद केलं. दोन महिने शोधून हे मोहिद्दीनचं काम मिळालं, समुद्राचा तळ मोजायचं. रास अल खैमाहून खाली, मग डोंगरापलीकडे फुजैराच्या बाजूला, काठाकाठाने. होडी त्यांची, तिच्यावर यंत्र बसवलंय. राहायचं जिथे रात्र होईल तिथे. फ्लॅट सोडायचा. त्या पगारावर आम्हा चौघांचा व्हिसा राहत नाही, माझा तर नाहीच नाही. आम्ही सगळी चिंचवडला, तो इथे.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, "तुम्ही इतक्या खूश होतात, आई. तुम्ही जागा ठरवत होतात सगळ्यांच्या. कुणाची जीभच उचलेना."

मी पोळ्या लाटायला घेतल्या. तिने भाजल्या. मुरली वर आला तेव्हा मी एवढंच विचारलं, पोहे उरलेत, खातोस का. सोफा नसल्याने तो खाली जमिनीवर भिंतीला टेकून बसला आणि तसाच डोळे मिटून राहिला.

२ मार्च

लिहायला बसले पण काही सुचत नाही. अंशला सगळं ठाऊक होतं. म्हणूनच म्हणाला होता तो तसं. त्याला आज मी त्याच्या आवडीचे आलू पराठे दिले, तर म्हणतो, व्हॉट्स द ऑकेजन.

६ मार्च, शुक्रवार

आज घर ठरलं.

मुरली म्हणत होता, आई तू कशाला येतेस, धुळीत दमतेस. मी म्हटलं, मला खैरुद्दीनचा चहा आवडतो. पोरांचा अभ्यास होता म्हणून ती आणि अपर्णा घरी राहिली. वाटेत मुरलीने दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का.

तो कापडी भिंतींचंच पक्कं करायला निघाला होता. मी खैरुद्दीनला म्हटलं, आधी मला दुसरं काही दाखव, ज्याचं दार बाजूला असेल. तो म्हणाला एक आहे, छोटं. पिकअपच्या मागची परात, म्हणजे सामान ठेवायचा उघडा हौदा, पूर्ण काढून टाकायची, तिथे सपाट फळी बसवायची, आणि त्यावर हे लोखंडी खोकं. शेपटीबाहेर काही येत नाही, आकडा मोकळा, आणि दार उजव्या हाताला. भिंती पक्क्या. आत एक बिछाना आडवा, एक बसायची फळी, एक शेगडी. न्हाणीघर नाही. नुसता बाहेर लावायचा नळ.

मुरली म्हणाला, हे वजनाला जास्त आहे. खैरुद्दीनने हिशेब केला बोटांवर, म्हणाला चालेल, टाकी अर्धी भरा. मग मुरली म्हणाला, कापडी बरं, वारा येतो. होडी काय, सोडत जाईन रोज.

आता मला बोलावंच लागलं.

"बाजूच्या दाराचं घे, मुरली. होडी सोडायला तुझ्या सोबतीला कोण आहे?"

 खैरुद्दीन शहाणा, चहाचं बघतो म्हणून निघून गेला. मुरलीने विचारलं, तुला अपर्णाने सांगितलं? मी म्हटलं, ते राहू दे. आत ये आणि झोपून दाखव.

आला. इतका उंच मुलगा, बूट काढून त्या आडव्या बिछान्यावर झोपला. गुडघे मुडपावे लागले. मी म्हटलं, असं महिनोन्‌महिने झोपलास तर तुझ्या पायांचं माझ्यासारखं होईल. खैरुद्दीनला हाक मारली. तो म्हणाला, बिछाना लांबीच्या बाजूने फिरवता येईल, साहेबांचे पाय सरळ होतील. पण मग बसायची फळी काढावी लागेल. दोन्ही मावत नाही.

मी म्हटलं, काढ फळी. झोप महत्त्वाची.

मुरली उठून बसला. म्हणाला, "राहू दे ती. कुणी आलं तर बसायला हवं."

कोण येणार होतं रे त्या समुद्राच्या काठावर? पण मी म्हटलं नाही. मी त्या फळीवर बसून बघितलं. एका माणसापुरती आहे, लहान मूल मांडीवर घेतलं तर दोन. पाठ टेकायला भिंत आहे. खिडकी तोंडासमोर येते. चांगली आहे बसायला.

मग मी शेगडी बघितली, तवा ठेवून. आमचा मोठा तवा बसत नाही, भाकरीचा बसतो. फडताळाला कडी नव्हती, गाडी वळली की डबे पडतील, ती बसवून घ्यायला सांगितली. दिवा डोक्याकडे नव्हता, पायाकडे होता. मुरली म्हणाला, पुरे आता. मी म्हटलं, तुला शाळेत घालताना बाक बघून आले होते मी, गप्प बस.

मग होडी आणली. जोडली. मी आत बसून दार ढकललं. सबंध उघडलं. पायरी ठेंगणी, मी एकटी उतरले, कुणाचा हात न धरता. खैरुद्दीनने टाळ्या वाजवल्या. मुरली म्हणाला, "खलास. हेच."

येताना त्याने गाडी थांबवून मला शहाळं पाजलं. आम्ही दोघंही फार दमलो होतो. तो म्हणाला, रागावलीस? मी म्हटलं, नाही रे. रागावायला अंगात ताकद लागते.

१२ मार्च, गुरुवार

बांधाबांध. अर्धं इथेच द्यायचं, अर्धं पाठवायचं, अर्धं मुरलीला, म्हणजे तीन अर्धी झाली, श्रियाने हसून हसून मला हे सांगितलं. माझी पितळी परात कोण नेणार यावर अपर्णा आणि माझं जरा वाजलं. शेवटी मुरलीला दिली. त्याला कशाला लागेल देव जाणे. चिंचवडच्या भाडेकरूंना फोन केला, ते रिकामं करून देतायत, बिचारे चांगले आहेत.

मुरली उद्या पहाटे निघतो. मी त्याला भाजणी, मेतकूट, लसणाची चटणी दिली. डब्यांवर कागद चिकटवले अंशने, इंग्रजीत. अंशच्या हाताचं अक्षर त्याच्या आजोबांसारखं उजवीकडे पडतं.

२१ मार्च, शनिवार

काल मुरलीकडे जाऊन आलो. बुधवारी आमचं विमान आहे, त्याआधी एकदा. अपर्णाने भाड्याची छोटी गाडी घेतली आणि स्वतः चालवली, रास अल खैमाच्याही पुढे, रम्सपर्यंत. एका बाजूला डोंगर, काळेकभिन्न, झाड म्हणून नाही, आणि दुसरीकडे समुद्र. वाटेत तिला दोनदा झोप येत होती, म्हणून मी तिला आमच्या नणंदेच्या लग्नातल्या गोष्टी सांगत राहिले. ऐकत नव्हती, पण हं हं करत होती.

लांबूनच दिसलं ते पांढरं खोकं आणि मागे होडी. मुरली पुढे आला. काळवंडलाय, पण दाढी केली होती. आम्ही येणार म्हणून बाहेर सतरंजी घातली होती आणि वाऱ्याने उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर दगड. घरात पाहुणे यायचे तर करतात तसं सगळं आवरलेलं. पांघरुणाची घडी घातलेली. मी म्हटलं, हे तू केलंस? चिंचवडला कधी अंथरूण उचललं नाहीस.

होडी जोडलेलीच होती. मी पहिली दारातून आत गेले आणि बाहेर आले, परत आत गेले. मुरली बघत होता. मी म्हटलं, बघतेय बिजागऱ्या कुरकुरतायत का. त्या समुद्राच्या हवेने गंजतात, तेल घाल आठवड्याला.

त्याने चहा केला. चार कप होते, एक कमी पडला, म्हणून त्याने स्वतः वाटीत घेतला. साखर जास्त झाली होती. मी म्हटलं छान झालाय. मला त्या फळीवर बसवलं, बाकीची सतरंजीवर. अंशला होडीवरचं यंत्र दाखवलं, पडद्यावर समुद्राचा तळ कसा रेघांनी दिसतो ते. अंश एरवी बापाशी दोन शब्द बोलत नाही, पण काल विचारत होता, हाऊ डीप, हाऊ डीप. श्रियाने शिंपल्यांनी पायरी भरून टाकली.

मी भाकऱ्या केल्या. तवा बसला नीट. पिठलं केलं. मुरली चार खाल्ल्यावर थांबला, मग परत एक घेतली. अपर्णा त्याच्या शर्टाची बटणं बघत होती आणि एक शिवलं तिने, अंगावरच.  वारा होता.

उजेड असेपर्यंत निघायचं होतं, अपर्णाला त्या रस्त्याची भीती वाटते. निघताना मुरलीने बादलीतून पाणी आणून माझ्या पायांची वाळू धुतली. मी म्हटलं, राहू दे, गाडीत झटकेन. ऐकलं नाही. मग उभा राहून म्हणाला, परत कधी येणार. यजमान पाहुण्यांना विचारतो तसं. अपर्णा गाडीची किल्ली शोधत होती, किल्ली तिच्या हातातच होती. अंश होडीकडे बघत होता.

तेव्हा मीच सांगून टाकलं. दिवाळीत येतो, चौघंही येतो, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी. फराळ तिकडून करून आणतो. मुरलीने बादलीतलं उरलेलं पाणी ओतून टाकलं. म्हणाला, व्हिसा मिळायला हवा, आई. मी म्हटलं, तो तू बघ, फराळाचं मी बघते.

गाडीत बसल्यावर मागच्या काचेतून तो बराच वेळ दिसत होता, मग वळण आलं. श्रिया झोपली. मी अंशला फोनवर लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवसाची तारीख बघायला सांगितली. त्याने बघितली आणि पहिल्यांदा मराठीत बोलला, बहुतेक मला नीट कळावं म्हणून. सोळा ऑक्टोबर, आजी. शुक्रवार.

शुक्रवार म्हणजे मुरलीला सुट्टी असणार.